उतू गेलेला डोंगर

सांगा म्हणे गोष्ट. डोंगर आग कसा ओकतो ते पोरांना कळलं पाहिजे म्हणे. अरे, मी काय डोंगराच्या पोटात राहून आलोय? माझी शाळा बाराखडीपाशीच संपली. पण तुम्ही पाठ सोडत नाही, म्हणून सांगतो. मधे कुणी बोललं तर उठून जाईन.

फार फार मागची गोष्ट. तेव्हा राजे होते, पण ते लांब होते, त्यांचं इथे काही काम नाही. एका डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. डोंगराच्या टोकातून बारा महिने धूर निघायचा, म्हणून लोक त्याला चुलीचा डोंगर म्हणत. शिकलेले ज्वालामुखी म्हणतात. सकाळी डोंगराचा धूर दिसला की मगच बाया घरातली चूल पेटवीत. थोरल्या चुलीचा मान आधी.

त्या गावात एक सून होती आणि तिची सासू होती, घरात दोघीच. सासू एका वेळी एकच शब्द बोलायची. "वाढ." "पुरे." "नीज." दुसरा शब्द काढायचा म्हणजे तिला पदरचं काही जातंय असं वाटायचं. सुनेचा जन्म त्या एकेका शब्दाचा अर्थ लावण्यात चालला होता.

एक दिवस जमीन थरथरली. विहिरीचं पाणी ऊन झालं. सापांनी बिळं सोडली.

सासू म्हणाली, "चला."

हा अर्थ सगळ्या गावाला कळला. माणसं, गुरं, पोरं समोरच्या टेकडीवर पळाली. सुनेनं जाताना एकच वस्तू उचलली, नाचणीच्या बियाण्याचं मडकं.

टेकडीवरून त्यांनी डोंगराकडे पाहिलं. जमिनीच्या पोटात, खूप खोल, इतकी धग आहे की दगडसुद्धा वितळतो. वितळलेला दगड आत खदखदत राहतो आणि वाट मिळाली की वर येतो. दूध उतू जातं ना, तसा तो डोंगर उतू गेला. गुळाच्या पाकासारखा लालभडक रस उतारावरून खाली आला. वरून त्याला काळी साय धरली, आतून तो वाहतच राहिला. आकाशातून राख पडली, इतकी की दुपारी दिवे लावावे लागले.

सगळं निवल्यावर लोक परतले. खालची आळी काळ्या दगडाखाली गेली होती. वरची घरं उभी होती, पण शेतांवर वीतभर राख. ओढासुद्धा दगडानं अडवला होता आणि त्याचं पाणी भलतीकडेच साचत होतं.

गावचा कारभारी कपाळाला हात लावून म्हणाला, "संपलं. ज्याच्याकडे बियाणं असेल त्यानं दळा, भाकऱ्या थापा आणि वाटेला लागा. परक्या गावात मजुरी करू."

बाकीच्यांनी बियाणं दळलं, काही तर लगेच वाटेला लागले. सून मडकं पोटाशी धरून उभी राहिली. भूक तिलाही होती. ती म्हणाली, "आत्याबाई, काय करू?"

सासू म्हणाली, "राख."

सुनेला रडू आलं. म्हातारीनंही आशा सोडली तर! वरच्या आळीत एक जातं शाबूत होतं. ती त्यापुढे बसली आणि मडक्यात हात घातला. तेवढ्यात सासूनं जात्याच्या तोंडावर तळवा ठेवला.

"मी काय म्हटलं?"

"राख म्हणालात. दिसतेच आहे की, सगळी राख."

"अगं भवाने, ती राख नव्हे! राख म्हणजे ठेव. सांभाळ. पेरायला राख!"

इतके शब्द एकदम ऐकून सून रडायचीच विसरली.

कारभारी हसला. "म्हातारीला भ्रम झाला. राखेत कुणी पेरतं होय?"

"तुझ्या घरी बी कशात ठेवतात रे?" सासूनं विचारलं.

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. किडा लागू नये म्हणून घरोघर बी चुलीच्या राखेतच ठेवत. सुनेच्या मडक्यातही राखच होती, बोटं करडी करणारी.

"वर्षभर बी तिच्या हवाली करता," सासू म्हणाली, "आणि आज तिलाच भिता."

आता खरं सांगतो. म्हातारी निम्मी बरोबर होती आणि निम्मी चुकली. चुलीची राख लाकडाची, डोंगराची राख म्हणजे दगडाचं पीठ. ताजी असते तेव्हा ती कडक असते. सुनेनं अर्धं बी पेरलं. कोंब आले, पिवळे पडले आणि मेले.

"राख पिकली हो!" कारभारी ओरडला आणि उरलेलं गाव घेऊन निघून गेला.

त्या दिवशी सून सासूशी बोलली नाही. मडक्यात अर्धं बी होतं. दळलं असतं तर दोघींचं पोट थोडे दिवस भरलं असतं. तिनं झाकण काढलं, पाहिलं आणि परत लावलं. अडलेल्या ओढ्याचं आता तळं झालं होतं. त्यात मासे आले. दोघींनी मासे खाल्ले, कंद उकडले, आणि मडक्याला हात लावला नाही.

पाऊस राखेवर पडत राहिला. तिचा कडकपणा धुऊन गेला. मागे राहिलेल्या गुरांच्या खुरांनी ती मातीत कालवली, गांडुळं परत आली, रान काळंभोर दिसू लागलं. पुढच्या पेरणीला सुनेनं उरलेलं बी टाकलं. नाचणीची कणसं अशी भरली की ताटं वाकली.

खबर लागली तसा कारभारी परतला. हातात रिकामं मडकं, अंगावर परक्यांचे उतरलेले कपडे.

"सूनबाई, मूठभर बी देतेस?"

"दळायला की पेरायला, कारभारी?"

त्यानं मान खाली घातली. "पेरायला."

सुनेनं सासूकडे पाहिलं. सासू म्हणाली, "दे."

आणि गाव पुन्हा वसलं. खालचा काळा दगड मात्र तसाच राहिला. त्याला आधी शेवाळ धरलं, मग भेगांत गवत आलं, ते कुजलं, पुन्हा आलं. पणतवंडांच्या पणतवंडांना तिथे नांगर घालता आला. डोंगर एका दिवसात रान मोडतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या घालवून तेच परत घडवतो. त्याला धीर आहे. आपल्यालाच नसतो.

म्हणून ध्यानात धरा: सगळ्याची राख झाली, तरी बी राखावं.

झाली गोष्ट. ही मी मनानं रचली असं भर पारावर म्हणणारा तो भिवा धनवडे अजून माझी माफी मागायला आलेला नाही.