आवळ्याएवढी गाठ

“मग अख्खी किडनी काढली तर बिघडलं काय?”

डॉक्टर धायगुडे विचारत होते. विचारत कसले, सुनावत होते. साठी उलटलेला मोठा सर्जन प्रश्न विचारत नाही. समोरच्यानं मान कधी डोलवायची तेवढं सांगतो.

समोर फकीर. तळ्याकाठच्या दर्ग्याच्या पायरीवर बसलेला. वीस वर्षं धायगुडे त्याला गुरू म्हणत आले होते. ऐकलं मात्र एकदाही नव्हतं.

पहाटेचं धुकं पाण्यावरून चढत पायरीपर्यंत आलेलं. तळं कुठं संपतं नि आभाळ कुठं सुरू होतं, कळत नव्हतं. दोघं म्हातारे जणू कशावर तरी तरंगत बसले होते.

फकीर खोकला. उत्तराआधी खोकायची म्हाताऱ्यांना खोडच असते.

“कुणाची किडनी?”

“सुवर्णा कासार. एकतीस वर्षांची. बाजारात बांगड्या भरते. डाव्या किडनीला गाठ आहे, कॅन्सरचीच दिसतेय. आज दहा वाजता टेबलावर घेतोय.”

“केवढी गाठ?”

“आवळ्याएवढी. अगदी काठावर.”

“मग तेवढीच निघत नाही?”

धायगुडे हसले. “तुम्हीपण आमच्या मृण्मयीसारखंच बोलायला लागलात, बाबा. माझी असिस्टंट. काल भर मीटिंगमध्ये म्हणते, सर, गाठ काढू, किडनी ठेवू. पेशंटची आई साखरेनं डायलिसिसवर गेली, हिच्यापुढं अजून चाळीस वर्षं आहेत, म्हणते. घालवली बाहेर. तिचं वय नाही तेवढी वर्षं मी कापतोय.”

“खोटं बोलली?”

“...नाही.”

“मग बाहेर का घालवली?”

तळ्यात कुठंतरी मासा उसळला. दिसला नाही. नुसती वलयं येऊन पायरीला लागली.

“निघते तेवढीच, बाबा,” धायगुडे म्हणाले. “मोठी असती, आत मुळाशी असती, तर अख्खीच काढावी लागली असती. ही निघेल. पण त्यासाठी रक्त अडवावं लागतं. रक्तवाहिनीला चिमटा लावायचा आणि पंचवीसेक मिनिटांत कापायचं, शिवायचं. एक जण मोठ्यानं मिनिटं मोजत असतो. किडनी राखेसारखी करडी पडत जाते...”

“आणि चिमटा सोडला की?”

धायगुड्यांचा आवाज खाली आला.

“गुलाबी होते. वरून रंग दिल्यासारखी नाही... आतून. उजाडतं ना, तशी.”

“शेवटची कधी बघितली?”

धुकं दोघांच्या मधून सरकत गेलं. काही वेळ फकीर दिसेना. नुसता प्रश्नच समोर बसलाय, असं वाटलं.

“अकरा वर्षं झाली. त्या वेळी टाका सुटला होता. रक्त थांबेना. माझे बूट भिजले, बाबा.”

“पेशंट?”

“जगला. दर दिवाळीला येतो पाया पडायला.”

“मग मेलं कोण?”

धायगुड्यांना हे झोंबलं. झोंबायलाच हवं होतं. ते ताठ झाले.

“लोक मला देव मानतात! ऑपरेशन झालं की ट्रे घेऊन मी स्वतः बाहेर येतो. नातेवाइकांना काढलेली किडनी दाखवतो. ती बघून माझ्याहून मोठी माणसं वाकतात.”

“गाठ अशी छोटी असते, तेव्हा त्या ट्रेमध्ये आजारी किती असतं?”

“सांगितलं की. आवळ्याएवढं.”

“आणि बाकीचं, डॉक्टर?”

“चांगलं असतं.”

“ते सांगता त्यांना?”

धायगुडे पाण्याकडे बघत राहिले. पाणी दिसत नव्हतं.

“नुसती गाठ दाखवली तर लोक काय म्हणतात, माहीताय?” ते हळूच म्हणाले. “एवढंच? एवढ्यासाठी तीन तास लावले?... हात जोडायचे की नाही, तेसुद्धा त्यांना कळत नाही.”

“मला दाखवा. केवढी आहे?”

“कासारणीची?”

“हो.”

धायगुड्यांनी अंगठा आणि तर्जनी जवळ आणली. मध्ये थोडी फट ठेवली. फटीत धुकं होतं, बाकी काही नाही.

फकीर पायरीवरून उठला. गुडघे वाजले. एक पायरी खाली उतरला, डॉक्टरांसमोर आला, डोक्याचा हिरवा फेटा सोडून बाजूला ठेवला.

आणि वाकला.

वीस वर्षांत तो कुणा माणसापुढं वाकलेला धायगुड्यांनी बघितला नव्हता. आमदार येऊन गेले, कलेक्टर येऊन गेले. आता त्यानं आपलं टक्कल त्या दोन बोटांना टेकवलं आणि तसाच राहिला. बराच वेळ. धुकं थोडं उजळलं तरी तसाच.

“बाबा, हे काय... उठा... कुणी बघेल.”

बोटं मिटावीत तर म्हाताऱ्याच्या टकलाला चिमटा बसेल. हात मागं घ्यावा तर तो पडेल. धायगुड्यांनी हात तसाच धरून ठेवला.

फकिरानं डोकं वर केलं.

“झाला नमस्कार. आता उरलेली किडनी तिच्याकडेच राहू द्या.”