नळीच्या डोंगरावरची काळी खिडकी

नळीच्या डोंगरावर आलेला पाहुणा आधी दक्षिणेच्या कठड्याशी धावतो. धावू दे, देखावा आहेच तसा. खाली नदीचं वळण, पलीकडे डोंगरांच्या रांगा, आणि पायथ्याशी आमची पायरवाडी, मुठीत मावेल एवढी. फोटो काढून होतात, वारा खाऊन होतो, मग कुठे पाठ वळते आणि वेधशाळेच्या भिंतीतली ती अरुंद खिडकी दिसते. भिंतीचा चुना अजून पांढुरका आहे, खिडकी तेवढी काळीकुट्ट. हात लावाल तर बोटाला तेलकट काजळी येते. मग विचारतात, "इथे आग लागली होती का हो?" आग कसली लागते! मधे कुणी साहेब आले होते, त्यांनी माणसं लावून ती घासून घासून काढली. पुढच्या वैशाखात परत काळी झाली, तेव्हा साहेब फार चिडले. चिडू देत. तुम्ही त्या ओट्यावर बसा, पाणी प्या, आणि ऐका.

फार जुनी गोष्ट. या मुलुखाच्या सरदाराला म्हणे स्वतःचं पंचांग हवं होतं, दुसऱ्या कुणाच्या पंचांगावर त्याचा भरवसा नव्हता. त्याने केदारशास्त्री नावाचे मोठे ज्योतिषी आणवले आणि त्यांच्यासाठी ही वेधशाळा बांधली. खिडकीत पितळेची लांब नळी बसवली होती, तिला डोळा लावून शास्त्री तारे पाहत. त्या नळीवरून डोंगराला नाव पडलं. शास्त्रीबुवांना अगस्तीच्या ताऱ्याचा शेवटचा दिवस हवा होता. अगस्ती दक्षिणेला, अगदी खाली उगवतो-मावळतो. वैशाख सरता सरता तो तिन्हीसांजेला डोंगरांना टेकलेला दिसतो आणि एके संध्याकाळी दिसेनासा होतो. ती शेवटची संध्याकाळ कुठली, हे लागोपाठ तीन वर्षं न चुकता पाहायचं होतं. एक साल चुकलं की आधीचं सगळं वाया.

आता नळीच्या बरोबर खाली पायरवाडी. गावात दिवे लागले की शास्त्रीबुवांच्या डोळ्यांवर उजेड यायचा. सरदाराने हुकूम काढला, वैशाखातल्या त्या संध्याकाळी वेध होईपर्यंत गावात दिवा लावायचा नाही. ऐन दिवेलागणीला! जिथे तिन्हीसांजेला घरात अंधार ठेवत नाहीत, तिथे अख्ख्या गावाने उंबऱ्यात काळोख घेऊन बसायचं.

त्या कामाला नेमला हरबा गुरव. देवळात शिंग फुंकायचा तो, छाती भात्यासारखी. वेध झाला की वरून त्याने लांब शिंग फुंकायचं, मग गावाने दिवे लावायचे. आणि मधेच कुणाच्या घरी उजेड दिसला, तर तुटक तुटक फुंकायचं, म्हणजे ज्याचा असेल त्याने मालवायचा. नाही मालवला तर शिपाई खाली उतरत. बायको वारलेली, एक लेक भिवरा, ती सासरी. हरबाला या कामाचा भारी तोरा आला. शास्त्रीबुवा त्याला शेजारी उभं करतात, सरदार नावाने हाक मारतात, आणखी काय पाहिजे माणसाला?

पहिल्याच साली पोशा कुंभाराच्या घरात दिवा दिसला. हरबाने इशारा दिला, दिवा काही मालवेना. शिपाई गेले आणि भट्टीला लावायची सगळी मडकी लाथांनी फोडून आले. दुसऱ्या दिवशी कुंभारीण, म्हाळसा तिचं नाव, हरबाच्या दारात उभी राहिली.

"माझं पोर तापानं फणफणलं होतं, हरबादा. त्याचं तोंड तरी दिसायला नको होतं का मला?"

हरबा पान जुळवत होता. मान वर न करता म्हणाला, "घटकाभर अंधारात बसलं म्हणून काही मरत नाही कुणी."

म्हाळसा आल्या पावली परत गेली. पोर पुढे बरं झालं, पण ते वाक्य गावात राहिलं. बायका पाणवठ्यावर एकमेकींना चिडवायला ते वापरत.

दुसऱ्या साली भिवरा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. वैशाखाचे शेवटचे दिवस, आभाळ अधूनमधून भरून यायचं, शास्त्रीबुवा कासावीस. त्या दिवशी सकाळपासून पोरीच्या पोटात बारीक कळ होती. पण बापाला सांगून कशाला घोर लावा, म्हणून गप्प बसली. हरबा शिंग खांद्याला लावून निघाला तेव्हा एवढंच म्हणाली, "आबा, लवकर या."

"शिंग झालं की आलोच," हरबा म्हणाला आणि डोंगर चढू लागला.

ऊन कलता कलता भिवरा मोकळी झाली. मुलगी झाली, चांगलं टाहो फोडून रडली. काशी सुईणीने नाळ कापली, पोर फडक्यात गुंडाळली. पण बाळंतिणीचं रक्त थांबेना. घरात अंधार दाटत चालला, तशी काशीने कुणाला न विचारता दिवा लावला.

वर हरबा कठड्याशी उभा होता, आत्ता तुमचे फोटो चालले होते तिथेच. ढग नुकते फाटले होते आणि शास्त्रीबुवा नळीला डोळा लावून बसले होते. तेवढ्यात खाली काळोखात एक ठिपका पेटला.

"हरबा, कोण आहे तो?" शास्त्री ओरडले.

हरबाने निरखून पाहिलं. कुंभाराचा असेल, तेल्याचा असेल, कुणाचाही असेल. या उंचीवरून घर ओळखू येत नाही, तुम्हीही बघा हवं तर. त्याने शिंग तोंडाला लावलं आणि तुटक तुटक फुंकलं.

खाली काशी म्हणाली, "वाजू दे मेलं. मला इथे बघू दे."

भिवरा म्हणाली, "नको मावशी, मालवा. आबांचं शिंग आहे. आपल्याच घरी दिवा दिसला तर त्यांची पत काय राहील? घटकाभराचा तर प्रश्न."

काशी ऐकेना. तेव्हा त्या पोरीने कोपरावर उठून आपल्या हाताने ज्योत चिमटली. मग काशी अंधारात चाचपडत बसली, हाताला ओल लागत होती, पण किती ते दिसत नव्हतं. पोरीला हाका मारत होती, पोरगी हूं हूं म्हणत होती. मग म्हणेनाशी झाली.

वर शास्त्रीबुवांनी नळीवरून डोळा काढला. "मिळाला रे मिळाला!" म्हणून त्यांनी हरबाला मिठीच मारली, असं सांगतात. हरबाने लांब शिंग फुंकलं. खाली घराघरांतून दिवे लागले. तो उड्या मारत उतरला. दारात आला तर आतून तान्ह्या पोराचं रडणं! भला माणूस हसला. तसाच हसत आत गेला.

काशीने त्याला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. लपवायला हवं होतं असं काही जण म्हणतात. माझ्या मते बरं केलं.

शास्त्रीबुवा समाचाराला आले. म्हणाले, "हरबा, तिच्या पत्रिकेतच असणार."

हरबाने विचारलं, "आणि माझं शिंग? ते कुणाच्या पत्रिकेत होतं?"

शास्त्रीबुवा उठून गेले. वाईट माणूस नव्हता तो. फक्त वर बसायचा.

वर्षभर हरबा कुणाशी बोलला नाही. नातीला शेळीचं दूध पाजायचा, कडेवर घेऊन देवळात शिंग फुंकायचा. पुढचा वैशाख आला, सरदाराचं बोलावणं आलं, तर हा मुकाट तयार. गाव थुंकलं त्याच्यावर. लेक खाल्ली तरी याचा तोरा जात नाही, म्हणाले. फक्त म्हाळसा कुंभारणीच्या अंगणात तो आठवडाभर रोज जाऊन बसत होता. काय बोलायचे, कुणाला कळलं नाही.

शेवटची संध्याकाळ आली. आभाळ लख्ख होतं. शास्त्रीबुवा नळीशी बसले, तिसरं साल, आज झालं की पंचांग पुरं. हरबाने घोंगडीच्या आतून एक पणती काढली. वात पेटवली आणि खिडकीत, नळीच्या तोंडापुढे ठेवली.

"अरे काय करतोस? काढ तो दिवा! वेध चुकेल माझा!"

हरबा म्हणाला, "घटकाभर वेध चुकला म्हणून काही मरत नाही कुणी, शास्त्रीबुवा."

शास्त्री पणतीवर फुंकर घालायला वाकले आणि खिडकीतून त्यांना खालची वाट दिसली. अख्खं गाव हातात दिवे घेऊन वर येत होतं, पुढे म्हाळसा. पणत्या तिनेच थापल्या होत्या. शिपाई किती दिवे मालवणार? माणसं आली, त्यांनी खिडकीत, ओट्यावर, कठड्यावर, जागा मिळेल तिथे दिवे ठेवले आणि तेल सरेपर्यंत बसून राहिली. अगस्ती केव्हा मावळला, कुणाला दिसलं नाही. शास्त्रीबुवा तिथेच गुडघ्यात डोकं घालून रडले म्हणे. वेधासाठी रडले की पोरीसाठी, ते त्यांनाच ठाऊक. पावसाआधी गाडी जोडून निघून गेले. सरदाराने हरबाच्या पाठीवर चाबूक ओढला, आणि दुसरा ज्योतिषी काही मिळाला नाही.

हरबाने शिंगाच्या तोंडात मेण ओतून ते देवळात टांगलं. ते अजून तिथे आहे, फुंकत नाही कुणी. नातीचं नाव भिवराच ठेवलं. मोठी झाली तेव्हा तिला घरजावई आणला. खाली गुरवाची आज जी घरं आहेत ती तिचीच, म्हणजे आमचीच.

आजही वैशाखातल्या त्या संध्याकाळी पायरवाडी दिवे घेऊन इथे चढते. पणत्या कुंभाराच्या घरून येतात. आमच्यात बाळंतिणीच्या खोलीतला दिवा मालवत नाहीत, आणि तो हातात धरून बसायचा मान तिच्या बापाचा असतो. अलीकडे शहरातली पोरं मोठमोठ्या दुर्बिणी घेऊन येतात. गोड बोलतात बिचारी. "काका, थोडा वेळ दिवे बंद करता का? तारा बघायचाय." आम्ही त्यांना चहा देतो, दिवे बंद करत नाही.

चला, उठा आता, उन्हं गेली. उतरेपर्यंत खाली दिवे लागतील. कठड्यावरून फार सुंदर दिसतात, बघा हवे तर. फक्त त्यातलं आमचं घर कुठलं, ते विचारू नका. हरबालाही ओळखता आलं नव्हतं.