वेळजाईचा परत आलेला मुकुट

आमच्या वेळजाई देवीच्या डोक्यावर मुकुट नाही, हेच विचारायचं होतं ना? वेळुशीत येणारा प्रत्येक पाहुणा हेच विचारतो. गाव गरीब म्हणून नाही हो. मुकुट घडवला होता, चांगला चांदीचा. देवीनं घेतला नाही. बसा इथं ओट्यावर, सांगतो.

फार पूर्वी इथं सुभानराव पाटील होते, असं सांगतात. माणूस सरळ, देवभोळा, पण मान ताठ. एका उन्हाळ्यात भाताच्या रोपांसाठी रानात पालापाचोळ्याचा राब भाजायला लावलेली आग वाऱ्यानं उधळली आणि वणवा गावावर आला. पाटलांचं घर रानाच्या कडेला, आणि घरात त्यांची एकुलती लेक भागू, बाळंतपणाला आलेली. तिला हलवायची सोय नव्हती. पाटील धावत देवळात आले, पायरीवर बसले, डोळे घट्ट मिटले. ‘आई, माझी लेक वाचव, तुला चांदीचा मुकुट घालीन.’ किती वेळ बसले कोण जाणे! डोळे उघडून घरी पोचले तेव्हा वणवा परसापाशी येऊन विझला होता आणि भागू दारात उभी होती. पाटलांना वाटलं, देवीनंच विझवला. डोळे मिटलेले, दुसरं काही दिसणार कुठून?

पाटलांनी दुसऱ्याच दिवशी सोनाराला बोलावलं. मुकुट झाला, गावजेवण ठरलं, पंगती बसल्या. आधी देवीचा कौल घ्यायचा, मग पानं वाढायची, ही इथली रीत. गुरवानं देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुलं लावली. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. पण त्या दिवशी एकही फूल हलेना. उन्हं कलली तरी हलेना. भागूचे दिवस भरलेले, आणि तिच्याच नावाचा नवस फिटत नव्हता. नवस असा अडकला तर पोरीचं काय होईल, हाच विचार पाटलांच्या डोक्यात.

“काय चुकलं माझं?” त्यांनी गुरवाला विचारलं.

“देवी रागावलेली दिसत नाही, पाटील. कशासाठी तरी थांबलीय,” गुरव म्हणाला.

बाहेर पोरं भुकेनं रडायला लागली होती. पाटलांना राहवेना. रीत मोडली तर मोडली म्हणून ते बाहेर आले आणि हात धुवायला पाणी द्या म्हणाले. गडी तांब्या घेऊन फिरला, पण कुणी हात पुढे करेना. पहिल्याच पानावर ठमाबाई बसली होती, खालच्या आळीची म्हातारी. ती पदराआड हात लपवत म्हणाली, “नको बाबा पाणी. झोंबतंय.”

“हाताला काय झालं, ठमाबाई?”

म्हातारीला हसू आलं. “अहो पाटील, वणवा काय आम्ही फुंकर मारून विझवला?”

पाटलांनी पंगतीवर नजर टाकली. फोड आलेले, सोललेले, चिंध्या गुंडाळलेले हात. ओल्या डहाळ्यांनी आग झोडपणारे हे हात, आणि आपण त्यांना साधं ‘भलं केलंत’ही म्हणालो नाही! सुभानराव तिथंच मातीत बसले आणि लहान मुलासारखे रडले, म्हणे.

मग त्यांनी गड्याकडून तांब्या घेतला. ठमाबाईचा हात आपल्या हातात घेऊन, जखम सोडून, हळूहळू पाणी घातलं. “तुझ्यामुळं माझी लेक आहे, बाई.” मग शेजारचा हात, मग त्याच्या शेजारचा. कोण कुठल्या आळीचा, हे त्या दिवशी त्यांनी पाहिलं नाही. पंगत अर्धी झाली असेल, तोच गुरव देवळातून ओरडत आला, “पाटील, उजवं पडलं! चला, मुकुट चढवू!”

पाटलांनी मान वर केली नाही. म्हणाले, “थांब जरा. अजून हात राहिलेत.”

भागू सुखरूप बाळंतीण झाली. त्या दिवशी राहिलेला मुकुट आता चढवू का, म्हणून पाटलांनी दुसऱ्यांदा कौल लावला, तेव्हा देवीनं डावं फूल दिलं. पाटील समजले, हात धुतले तिथंच नवस फिटला; म्हणून त्याच चांदीची झारी घडवली, हातावर पाणी घालायला. ती काय, तिथं कोनाड्यात आहे.

आजही उन्हाळ्यातल्या गावजेवणाला गावाचा जो कारभारी असेल, तो त्या झारीनं पंगतीतल्या प्रत्येकाच्या हातावर पाणी घालतो, ‘तुझ्यामुळं’ म्हणतो आणि सगळ्यांच्या मागून जेवतो. गेल्या साली सरपंचबाई नवीन निवडून आल्या. निवडणूक मोठी चुरशीची झाली होती, बोलू नये ते बोललं गेलं होतं. झारी हातात घेऊन त्या घुटमळल्या आणि हळूच विचारलं, “विरोधात मत दिलं त्यांनाही?”

आताच्या गुरवाची म्हातारी आई म्हणाली, “त्यांना आधी.”

बाईंनी पदर खोचला आणि पार टोकाला बसलेल्या विरोधकांच्या पानापासून सुरुवात केली.