एकादशीची दोन ताटं

"मग माझीच साखर का उतरत नाही, माई?"

कुमुदिनीबाई तावातावाने विचारत होत्या. गोदाकाठच्या त्या लहानशा मठात पोथी वाचायचा मान बावीस वर्षं त्यांचाच. पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि अक्षरं धुक्यात गेली. बरंचसं पाठ होतं म्हणून निभावत होतं. बाई नुसत्याच पानं उलटायच्या. डॉक्टरांनी दोनदा परत धाडलं होतं. आधी साखर खाली आणा, मग डोळ्याला हात लावतो.

मठातल्या माई ऐंशीच्या घरातल्या. मधुमेह त्यांनाही होता.

"सोमवार, गुरुवार, चतुर्थी, दोन्ही एकादश्या... आठवड्यातले तीन-तीन दिवस उपाशी असते मी! भाताला शिवत नाही. चहासुद्धा बिनसाखरेचा."

"आज काय?"

"आज एकादशी. कडकडीत!"

"कडकडीत म्हणजे?"

"सकाळी साबुदाण्याची खिचडी. दुपारी रताळ्याचा कीस. चार खजूर. रात्री पुन्हा खिचडी, आणि राजगिऱ्याचे दोन लाडू... गुळाचे हो! साखरेचा कण नाही त्यात."

"आणि गोळी?"

"उपासाच्या दिवशी गोळी कशी घेणार?"

माईंनी स्वयंपाकघराकडे हाक दिली. "सगुणा, दोन ताटं आण गं. एक माझं रोजचं. दुसऱ्यात हिनं आत्ता सांगितलं ते सगळं, रात्रीपर्यंतचं."

ताटं आली. दिसत नव्हतं नीट, म्हणून बाईंनी हाताने चाचपलं. एकात ज्वारीची एक भाकरी, मेथीची भाजी, वाटीभर वरण. दुसऱ्यात हात ठेवायलाच जागा नव्हती.

"यातलं उपवासाचं कोणतं?"

बाईंनी पुन्हा दोन्ही ताटं चाचपली.

खाली घाटावर कुणीतरी धुणं आपटत होतं.

माईंनी आपली भाकरी मोडली. अर्धी पुढे केली.

"एकादशीला? माई, बावीस वर्षांत कधी... पाप लागेल मला!"

"मला लागू दे."

बाईंनी भाकरी घेतली. पहिला घास बराच वेळ चावत राहिल्या. माईंनी पाण्याचं भांडं सरकवलं.

"गोळी काढ. डॉक्टरांनी सांगितली त्या वेळेला. सण असो की सुतक."

गावात कुजबुज झाली. एकीने तर तोंडावर सुनावलं, "बाटलीस गं बाई!" कुमुदिनीबाईंनी ऐकून घेतलं. मोजून जेवल्या, वेळेवर जेवल्या, गोळी चुकवली नाही.

चौथ्या महिन्यात डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला. चष्मा वर सारला, पुन्हा पाहिला.

"करून टाकू ऑपरेशन!"

एक डोळा झाला, मग दुसरा.

आणि एके सकाळी बाई कुणाचाही हात न धरता मठाच्या पायऱ्या चढून आल्या. पोथी उघडली. पाठ असलेला अध्याय घेतला नाही. कधीच पाठ न झालेलं, मधलंच एक पान काढलं आणि खणखणीत आवाजात वाचलं. शेवटच्या ओवीपर्यंत, कुठेही न अडखळता. सगुणा पिठाच्या हातांनी धावत बाहेर आली, उंबऱ्यातच थांबली.

बाईंनी मान वर केली. माईंकडे पाहिलं आणि दचकल्याच.

"अगंबाई! माई... किती म्हाताऱ्या झालात हो तुम्ही!"

माई खळखळून हसल्या.

"मी कधीचीच म्हातारी आहे, कुमुद. तुझे डोळेच उपवासात होते."