गेरूच्या पाच रेघा

टेकडीच्या कुशीत वसलेलं एक शहर होतं, त्याचं नाव सोनतळे. शहरात एक बाग होती, बागेला एक भिंत होती आणि त्या भिंतीच्या पायथ्याशी जे घडलं ते मी तुम्हाला सांगणार आहे. मध्येच "परी खरी असते का" असं कुणी विचारायचं नाही. गोष्ट संपल्यावर ज्याचं त्यानं ठरवावं.

बागेचं नाव चाफेबाग. तिच्या मागच्या कोपऱ्यात पत्र्याच्या इवल्याशा खोलीत नऊ वर्षांची शेवंती आणि तिची आई राहायच्या. शेवंतीचे बाबा, तुळशीराम माळी, या बागेची राखण करायचे. तेव्हा तिथं पिवळा चाफा होता, गुलाबी कण्हेर होती, निळी गोकर्ण होती, आणि फुलांपेक्षाही रंगीत फुलपाखरं होती. आई फाटकाशी गजरे विकायला बसायची आणि दुपारपर्यंत तिची टोपली रिकामी व्हायची.

दोन वर्षांपूर्वी बाबा आजारी पडले आणि देवाघरी गेले. मग बागेकडे बघणारं कुणी उरलं नाही. जो येई तो खाऊ खाई आणि कागद तिथंच टाकी. भिंतीचं तर काही विचारूच नका. कुणी नाव लिहिलं, कुणी मिशावाला राक्षस काढला, कुणी शिकवणीची जाहिरात रंगवली, आणि उरलेल्या जागेवर पान खाणाऱ्यांनी पिचकाऱ्या मारल्या. अशा बागेत गजरा माळून कोण येणार? फुलं टोपलीतच मलूल व्हायची. न विकलेला गजरा आई शेवंतीच्या केसांत माळायची, त्यामुळे पोरीच्या डोक्यावर रोज राणीचा थाट आणि पोटात नुसती पेज, अशी गत होती.

तरी शेवंती कुरकुरायची नाही. शाळेतून आली की डब्यानं पाणी आणून ती चाफ्याच्या सुकलेल्या रोपट्यांना घालायची. भाकरीतला चतकोर तुकडा खारुताईसाठी ठेवायची. आणि मग ती हळूच मागच्या भिंतीपाशी जायची.

तिथं गेरूच्या पाच रेघा होत्या.

बाबा झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना लावायचे, तेव्हा पाडव्याच्या दिवशी गेरूचं बोट भरून ते शेवंतीला भिंतीशी उभं करायचे. तिच्या डोक्यावर विळ्याची पाठ आडवी धरायची आणि एक रेघ ओढायची. तिसऱ्या वर्षीची रेघ, चौथ्या वर्षीची, अशा सातव्या वर्षापर्यंतच्या पाच. त्यानंतर रेघ ओढणारं बोटच राहिलं नाही. आई त्या भिंतीकडे फिरकत नसे, कारण गेली की तिचे डोळे भरून यायचे. शेवंती मात्र रोज एकेका रेघेवर बोट फिरवायची. तेवढ्यापुरतं बाबा जवळ आहेत असं तिला वाटायचं.

एके दिवशी शहरात दवंडी पिटली गेली. चाफेबाग दोन दिवसांत स्वच्छ झाली तर राहील, नाहीतर तिथं मोटारी उभ्या करायचा तळ होईल. नगरपालिकेनं आणि शहरातल्या तरुणांच्या उजळ दलानं मिळून एक करार केला होता. झाडू, चुना आणि गाड्या पालिकेनं द्यायच्या, हात तरुणांनी द्यायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी केशरी टोप्या घातलेले शंभर ताई-दादा बागेत शिरले. बागेत अचानक झेंडूचं शेत फुलल्यासारखं वाटलं.

त्यांची पुढारी होती यास्मिनताई. तिनं शेवंतीच्या हाती एक इटुकला झाडू दिला आणि सांगितलं, की आज पुढचा भाग करू, उद्या मागची भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत चुन्यानं पांढरीशुभ्र करू.

बाबांच्या रेघा ठेवा, असं शेवंतीला सांगायचं होतं, पण धीर होईना. सगळ्यांचं पुसायचं आणि माझं तेवढं ठेवायचं, हे कोणत्या तोंडानं सांगणार?

मग तिनं काय केलं ठाऊक आहे? दल जेवायला बसलं तेव्हा या शहाण्या माळ्याच्या पोरीनं भिंतीपुढे कचरा रचला. पालापाचोळा, पिशव्या, फुटके डबे, जे सापडेल ते आणून तिनं असा ढीग केला, की पाचही रेघा त्याच्याआड दडल्या. बागेतला सगळ्यात मोठा उकिरडा त्या दिवशी शेवंतीनं केला. यास्मिनताईनं तो पाहिला, सुस्कारा टाकला आणि तो सगळ्यात शेवटी उचलायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेवंती ढिगाशी राखण करत बसली होती. इतक्यात आतून अगदी बारीक हुंदका ऐकू आला.

मांजराचं पिल्लू असेल म्हणून तिनं घाईघाईनं पाचोळा बाजूला सारला. पाहते तो काय, अंगठ्याएवढी एक परी! तिचा झगा मोरपिशी होता, केसांत पाण्याचे थेंब चमचम करत होते, आणि चिमुकले चंदेरी पंख चिखलानं आणि तैलरंगानं माखून अंगाला चिकटले होते.

"मी तुषारा," परी हळू आवाजात म्हणाली. "या भिंतीच्या पायथ्याशी झरा आहे, त्यात मी राहते. कचऱ्यानं त्याचं तोंड कधीचंच बुजत आलं होतं. काल ढीग पडला आणि उरलेली फटही बंद झाली."

शेवंतीचा चेहरा पडला. तिनं खाली मान घालून कबूल केलं, "ढीग मी केला. माझं चुकलं. तुला लागलं का गं?"

परी हसली. "मला ठाऊक आहे तू केलास. का केलास, तेही ठाऊक आहे. तुझे बाबा रोज सकाळी झऱ्याचं तोंड मोकळं करायचे आणि तिथं एक फूल ठेवायचे, जागेची राखण करणाऱ्याला म्हणून. त्यांना मी कधी दिसले नाही, पण फूल मात्र कधी चुकलं नाही. त्यांच्या मुलीसाठी माझ्याकडे दोन इच्छा आहेत. नियम मात्र तीन आहेत. ज्या कामाला तुझा हात आधी लागेल, तेच मी पुरं करीन. दिलेली इच्छा परत घेता येणार नाही. आणि सूर्य मोठ्या चाफ्याच्या शेंड्याखाली उतरला की मला निघावं लागेल."

शेवंतीनं रेघांकडे पाहिलं आणि परीच्या पंखांकडे पाहिलं. आधी पंख, तिनं ठरवलं. तिनं दोन्ही हातांनी तो ढीग ओढून बाजूला केला. बुजलेल्या झऱ्यातून पिशव्या उपसल्या, चिखल काढला, नखं काळी झाली, कोपरं खरचटली. मग धापा टाकत ती म्हणाली, "हा झरा पुन्हा वाहू दे."

जमिनीत गुडगुड झाली. एक थेंब आला, मग दहा आले, आणि मग पाण्याची कारंजी उसळून उन्हात निळे, हिरवे, जांभळे तुषार नाचू लागले. परीचे पंख लखलखीत झाले. दमलेले ताई-दादा धावत आले, ओंजळी भरभरून पाणी प्याले आणि एकमेकांवर उडवायलाही विसरले नाहीत. झरा कुठून आला हे कुणी विचारलं नाही, तहान लागली की माणूस चौकशा करत नाही. परी तर शेवंतीखेरीज कुणाला दिसतच नव्हती.

तोवर सूर्य कलला होता. सगळी बाग झाली होती, पण मागची भिंत काही केल्या होईना. तैलरंग इतका हट्टी, की घासून घासून हाताला फोड आले. एक उंच दादा एकाच नावाशी झटत होता. ते नाव त्याचंच निघालं. गेल्या वर्षी मीच लिहिलं होतं, असं त्यानं कान धरून सांगितलं आणि पुन्हा घासू लागला. बाग स्वच्छ झाली का ते पाहायला फाटकाशी नगराध्यक्षबाईंची गाडी येऊन थांबली.

परी शेवंतीच्या खांद्यावर बसली. "एक इच्छा उरली आहे. रेघांना तुझा हात रोज लागतोच. भिंत आहे तशीच राहू दे, असं माग. मग कुणाचाही कुंचा तिला लागणार नाही, तुझ्या रेघा कायम राहतील. पण भिंत एकच आहे, शेवंती. रेघा राहिल्या तर बाकीचं सगळंही राहील."

शेवंतीला वाटलं, मागून टाकावं. कुणाला कळणार होतं? पण तिनं फोड आलेले हात पाहिले. फाटकाशी टोपली घेऊन बसलेली आई आठवली. बागेचा तळ झाला तर आई कुठं बसेल, झरा कुठं वाहील, खारुताई कुठं जाईल? बाबांनी जी बाग जन्मभर जपली, ती त्यांच्याच रेघांसाठी घालवायची?

तिनं पहिल्या रेघेवर बोट फिरवलं, मग दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या. पाचवीवर बोट जरा जास्त वेळ थांबलं.

"येते हं, बाबा," ती म्हणाली.

तिनं चुन्याच्या बादलीत कुंचा बुडवला आणि स्वतःच्या हातानं पाचही रेघांवरून फिरवला. कुंचा जड होता आणि डोळ्यांत पाणी आल्यामुळे तिला धड दिसतही नव्हतं. मग ती म्हणाली, "परी, आम्ही सगळ्यांनी हात लावला आहे. आता भिंत उजळू दे."

तुषारानं पंख पसरले. पांढरा उजेड भिंतीवरून झुळझुळत गेला आणि नावं, राक्षस, पिचकाऱ्या सगळं विरून गेलं. भिंत दुधासारखी पांढरी झाली आणि बघता बघता वाळलीही. परीनं शेवंतीच्या कपाळावर ओठ टेकले, एक गिरकी घेतली आणि त्याच क्षणी सूर्य चाफ्याच्या शेंड्याखाली उतरला. सोनेरी, मग गुलाबी, मग नुसता प्रकाश झाला आणि त्या प्रकाशात परी मिसळून गेली.

नगराध्यक्षबाई भिंतीपाशी आल्या, तिच्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, की बाग इथंच राहील. यास्मिनताईनं टोपी उडवली. दलाचा जल्लोष ऐकून आईही टोपली घेऊन मागे आली. दोन वर्षांत पहिल्यांदा ती त्या भिंतीसमोर उभी राहिली, आणि भिंत कोरी होती.

"आई, मी पुसल्या," शेवंती रडत म्हणाली.

आईनं तिला पोटाशी धरलं. तेवढ्यात वाऱ्याची एक झुळूक आली आणि झऱ्याचे तुषार भिंतीवर उडाले.

बाबा बुंधे रंगवताना नेहमी म्हणायचे, वाळला चुना गुपित राखतो, ओला चुना गुपित सांगतो. चुना ओला झाला आणि त्याच्याखालून एक लाल रेघ उमटली. मग दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी. आई तोंडावर हात धरून बघत राहिली.

मग पाचव्या रेघेच्या बरीच वर आणखी एक रेघ उमटली. ती कुणीच ओढलेली नव्हती.

आईनं शेवंतीला भिंतीशी उभं केलं आणि तिच्या डोक्यावर हात आडवा ठेवला. तो बरोबर सहाव्या रेघेला टेकला.

आता चाफेबागेत इतकी माणसं येतात, की आईची टोपली दुपारच्या आतच रिकामी होते. भिंतीवर कुणी काही लिहीत नाही. रोज सकाळी झऱ्याच्या काठी एक ताजं फूल असतं, ते कोण ठेवतं हे तुम्हाला ठाऊकच आहे. आणि दर पाडव्याला, झऱ्याचं पाणी उडालं की, त्या भिंतीवर एक रेघ वाढलेली असते.