मान वळवलेला नंदी

मंडळी, फोटो मागाहून काढा. आधी नंदीकडे नीट बघा. महादेवाच्या कुठल्याही देवळात नंदी पिंडीकडे तोंड करून बसतो. आमच्या बेलखिंडीचा तेवढा मान वळवून रांगेतल्या माणसाकडे बघतो. घडवणाऱ्याची चूक, असं एका पुस्तकात छापलंय. लिहिणारे इथे दहा मिनिटं थांबले होते, आम्ही गुरव इथे पिढ्यानपिढ्या आहोत.

पूर्वी हाही सरळच बघायचा, असं सांगतात. त्या काळी डोंगरापलीकडच्या गावातून गोजराबाई दर्शनाला निघाली. बाई मनाने चांगली, पण जिभेला हाड नव्हतं. जावई घोरतो हे तिने पाणवठ्यावर सांगितलं आणि तिची लेक कौसा रुसली. सहा वर्षं माहेरी फिरकली नाही. लेकीने घरी यावं, एवढंच नंदीच्या कानात सांगायला ही चालली होती.

पण गावातून ती एकटीच निघालेली! मग घराघरातून निरोप आले. सासूने सांगितलं, सुनेचं बोलणं कमी होऊ दे. सुनेने सांगितलं, सासूचं ऐकणं कमी होऊ दे. कुणाची म्हैस आटलेली, कुणाचे केस गळत होते. गोजराबाईने सगळ्यांचं मनावर घेतलं.

सकाळी ती नंदीच्या कानाला लागली, ती दुपारच्या नैवेद्यापर्यंत हलेना. म्हशीचं सांगायचं, तर आधी म्हशीच्या मालकाचा स्वभाव सांगायला नको? मागे रांग पायऱ्या उतरून पार तळ्यापर्यंत गेली. लोक ओरडू लागले, तेव्हा बिचारी घाबरली आणि स्वतःचं न सांगताच वळली. डोळ्यांत पाणी आलं होतं.

तेव्हा म्हणे नंदीने मान वळवली आणि विचारलं, "आणि तुझं गं?"

सगळं देऊळ चिडीचूप झालं. गोजराबाई आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलली, "माझ्या कौसाला घरी पाठव रे. चुकलं माझं." पण त्या शांततेत ते शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू गेलं.

तिथून एक बाई कडाडली, "झालं! सांगितलंस ना परत साऱ्या जगाला?"

कौसाच ती. आईशी पुन्हा गोडी व्हावी, हेच मागणं घेऊन तीही सकाळपासून रांगेत ताटकळली होती. भांडतच वर आली आणि आईच्या गळ्यात पडली.

नंदीची मान मात्र तशीच राहिली. आजही इथे आधी दुसऱ्या कुणाचं तरी मागणं सांगायचं. मग रांगेतल्या मागच्या माणसाने विचारायचं, "आणि तुमचं?" चाळीस वर्षं बघतोय मी, भल्याभल्यांना इथेच हुंदका फुटतो.

चला, ताई, तुम्ही पुढे व्हा. अहो टोपीवाले काका, मोबाइल खिशात ठेवा. ताईंना विचारायचं तुम्हाला आहे.