शीळ पोहोचेल तो उतार

देवदारांच्या एका जंगलात, जिथे थंडी पडली की झरेसुद्धा बोलायचे थांबतात, पाणमांजरांचे एक कुटुंब राहत असे. बाबा, आई, आजी, थोरली मुलगी आणि त्याच वर्षी जन्मलेले धाकटे पिल्लू. मुलांनो, पाणमांजर नुसते पोहत नाही. बर्फ पडला की ते थोडे धावते, पोटावर आडवे होते आणि सुर्रकन उतारावरून घसरत जाते. मात्र या घरात सगळ्यांना ते सारखे जमत नव्हते. बाबा उभ्या कड्यावरूनही झेपावत. मुलगी तर बाबांनाही मागे टाकी. आईला वेग सोसत नसे. ती नखे रोवत, वळणे घेत उतरे. आजीचा मागचा एक पाय बर्फाच्या लादीखाली सापडून अधू झाला होता. आणि पिल्लाने बर्फ चाखून पाहण्यापलीकडे त्याच्याशी अजून काही ओळख केली नव्हती.

त्या घरात एक रिवाज होता. खाली पोहोचलेल्याने शीळ घालायची आणि वर राहिलेल्याने तिला शिळेनेच उत्तर द्यायचे. उत्तर ऐकू आल्याशिवाय खालचा पाण्यात शिरत नसे आणि शीळ ऐकू आल्याशिवाय वरचा जागचा हलत नसे. आजीच्या आजीपासून असेच चालत आले होते.

त्या हिवाळ्यात त्यांचा डोह तळापर्यंत गोठला. आता असा उतार शोधायला हवा होता, ज्याच्या पायथ्याशी वाहते पाणी आणि मासे असतील. तिथेच थंडी काढायची होती. एवढ्यात देवदारावरून कावळा ओरडू लागला, "कोल्होबाचा कडा! कोल्होबाचा कडा! असा उतार आसपासच्या एकाही डोंगरावर नाही! जो तिथून घसरला नाही, तो घसरलाच नाही!"

या कावळ्याने जन्मात कधी बर्फाला पोट लावले नव्हते. दिवसभर कड्याची स्तुती करायची आणि सांजेला कोल्ह्याच्या दारातले उष्टे खायचे, हा त्याचा धंदा. पण पोटभर खाऊन केलेल्या कौतुकावर विश्वास ठेवणारे कुठल्याही जंगलात पुष्कळ असतात. बाबांनीही ठेवला.

"अहो, पण सासूबाईंचं काय? आणि हे एवढंसं पिल्लू?" आईने विचारले.

"आपलं घराणं कड्यावरून घसरणाऱ्यांचं आहे," बाबा शेपटी आपटून म्हणाले. "तिथे गेल्यावर बघू."

तिथे गेल्यावर बघू! या एका वाक्याने आजवर किती कुटुंबांना कड्याच्या टोकावर नेऊन उभे केले आहे, कोण जाणे.

कड्यावर कोल्हा स्वागताला हजरच होता. "या, या! कडा जरा उभा आहे खरा, पण तुम्ही कशाला काळजी करता? ज्यांना जमत नाही त्यांना माझ्या गुहेत ठेवून जा. म्हातारी असोत, लहान असोत, लंगडी असोत, मी सगळ्यांना सांभाळतो. आत पिसांची मऊ मऊ गादी घातली आहे."

बाबांचा जीव भांड्यात पडला. "मी आधी उतरून पाहतो," ते म्हणाले. "माझी शीळ आली की तुम्ही दोघी या." मग आजीकडे वळून म्हणाले, "आई, तू पिल्लाला घेऊन गुहेत बस." आणि कोणी काही बोलायच्या आत ते कड्यावरून दिसेनासे झाले.

चौघे कान देऊन उभे राहिले. वारा आला. देवदारावरचा बर्फ खाली पडला. शीळ काही आली नाही.

"पोहोचलेसुद्धा ते," कोल्हा म्हणाला. "या कड्यावर आवाज वर येत नाही, एवढंच. चला आजीबाई, आत चला. तुम्ही दोघी व्हा पुढे."

"शीळ आलेली नाही," आजी म्हणाली. "आम्ही हलणार नाही."

"कुठल्या जमान्यात वावरता, आजीबाई?" कोल्हा हसला. वरून कावळाही हसला. मग कोल्ह्याने मुलीकडे मोर्चा वळवला. "तुझ्याकडे बघूनच कळतं, तू या कड्यासाठीच जन्मली आहेस. या म्हातारीपायी आणि या गोळ्यापायी अख्खा हिवाळा वाया घालवणार?"

मुलीच्या पंजांना खरोखरच मुंग्या येत होत्या. असा कडा तिने स्वप्नातही पाहिला नव्हता. तिने एकदा कड्याकडे पाहिले, एकदा गुहेच्या काळ्या तोंडाकडे पाहिले आणि शांतपणे विचारले, "कोल्होबा, तुमच्या अंगावर तर केस आहेत. मग गादीत पिसं कुणाची?"

कोल्ह्याचे हसू थांबले. कावळ्याने घाईघाईने दुसरीकडे पाहिले.

मुलगी मागे आली आणि आजीला खेटून बर्फात बसली. "मला हा कडा जमतो," ती म्हणाली. "पण तुम्हाला सोडून मी तो उतरणार नाही." आई दुसऱ्या बाजूने बसली. पिल्लू मधोमध. चौघांनी कड्याकडे पाठ केली, गुहेकडे तोंड केले आणि दात दाखवले. कोल्हा दात विचकत त्यांच्याभोवती फेऱ्या घालू लागला. पण एकेकट्याला खाण्याची सवय लागलेल्याला असे एकत्र बसलेले घर कुठून खावे, ते समजत नाही.

तिकडे बाबा खाली पोहोचले होते. त्यांनी शीळ घातली. ती खडकावर आपटून परत त्यांच्याच कानात आली. वरून उत्तर नाही. समोर वाहते पाणी होते, पाण्यात मासे उड्या मारत होते, आणि बाबांना त्यातला एकही दिसत नव्हता. 'माझी म्हातारी आई गुहेत असेल. पिल्लू गुहेत असेल. आणि तिथे तर मीच त्यांना पाठवले!' कडा परत चढता येण्यासारखा नव्हता. बाबा डोंगराला वळसा घालून धावत सुटले. वाटेत त्यांना एक रुंद, पसरट उतार आडवा लागला. छाती फुटेस्तोवर तो चढून ते वर आले. गुहेसमोर चौघे बसलेले दिसताच त्यांनी अशी शीळ घातली की कोल्हा दचकून मागे सरला. चार शिळांनी उत्तर दिले. समोर पाच जबडे पाहून कोल्हा गुहेत शिरला, तो बाहेर आला नाही.

बाबा मान खाली घालून आजीसमोर उभे राहिले.

"अरे, कडा तुला पेलतो, हे आम्हाला ठाऊक आहे," आजी म्हणाली. "पण हिवाळा सगळ्यांना काढायचा आहे ना? आता सांग, येताना वाटेत काय पाहिलंस?"

बाबा त्यांना त्या पसरट उतारावर घेऊन गेले. त्याची एक कड खडकांमधून सरळ खाली कोसळत होती. मधून हरणांची नागमोडी वाट होती. उन्हाच्या अंगाला तर तो अंगणासारखा सौम्य होता. आणि तिन्ही वाटा खाली एकाच डोहाला मिळत होत्या. बाबांनी उतरून शीळ घातली. ती स्पष्ट वर आली.

मुलगी कडेने अशी उतरली की उडालेला बर्फ ती गेल्यावर खाली बसला. आई हरणांच्या वाटेने वळणे घेत आली. आजी उन्हाच्या अंगाने, अधू पाय वर धरून, राणीसारखी घसरत आली. प्रत्येकीने खाली येऊन शीळ घातली. वर उरले पिल्लू.

"हा उतार आहे की बालवाडी?" मागोमाग आलेला कावळा ओरडला. "कड्याच्या घराण्याची काय ही दशा!"

डोहात मासे होते, पोटात भूक होती, पण कोणीही पाण्याकडे वळले नाही. चौघांनी मिळून शीळ घातली. वरून बराच वेळ काही नाही. मग एक बारीक, चिरकी, अर्धवट शीळ आली, आणि तिच्या मागोमाग पिल्लू. थोडे घसरले, मध्येच बर्फात नाक खुपसून उलटे झाले, शिंकले, आपले आपणच उठले, पुन्हा पोटावर पडले आणि गडगडत येऊन थेट आजीच्या पोटावर आदळले.

"पाहिलंत?" ते छाती काढून म्हणाले. "मी शेवटी आलो! सगळ्यांत शेवटी!"

"शेवटी येण्यात कसली आली फुशारकी?" कावळा खिदळला.

थोरल्या मुलीने मान उंच केली. "आमच्या घरात शेवटचा पोहोचला, की मगच सगळे पोहोचतात," ती म्हणाली. "आणि आज सगळे पोहोचले. तुझ्या कोल्होबाला जाऊन सांग."

मग पाचही जण एकदमच पाण्यात शिरले.

तात्पर्य : घरच्यांसाठी जागा निवडताना आपल्यातला सर्वांत दणकट कुठून उडी मारतो ते पाहू नये, सर्वांत लहान कुठे सुखरूप पोहोचतो ते पाहावे. आणि दुबळ्यांना मागे ठेवून जा असे जो गोड बोलून सांगतो, त्याला आधी गादीतली पिसे कुणाची ते विचारावे.